शस्त्रक्रियेनंतरची वेदनाशामक औषधे : गोळीचे मूळ नाव वाचावे

शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णाच्या पिशवीत साधारणतः चार-पाच औषधे असतात. एक प्रतिजैविक, एक आम्लपित्ताची गोळी, एखादे जीवनसत्त्व आणि एक किंवा दोन वेदनाशामके. ही वेदनाशामके बहुतेक वेळा अफूवर्गातील नसतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, काही दिवसांपुरते केटोरोलॅक ही त्यांतील नित्याची नावे. यांची चटक लागत नाही, श्वास मंदावत नाही, फारशी गुंगीही येत नाही. म्हणून हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन, दाढ काढणे किंवा हाड बसवणे अशा शस्त्रक्रियांनंतर घरी देण्यासाठी डॉक्टर प्रथम यांचाच विचार करतात.

चटक लागत नाही, यावरून अपाय होत नाही असा अर्थ मात्र काढू नये. या औषधांपासून होणारा अपाय बहुतांशी रुग्णालयात होत नाही. तेथे प्रत्येक मात्रेची वेळ परिचारिका कागदावर लिहीत असते. घरी आल्यावर ती नोंद थांबते आणि त्याच वेळी घरातील जुन्या गोळ्या, शेजाऱ्यांचे सल्ले व दुकानदाराने दिलेली पर्यायी गोळी यांची भर पडते.

म्हैसूरसारख्या शहरातील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. घरात मराठी, औषधाच्या दुकानात कन्नड आणि डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी. कृष्णराजेंद्र रुग्णालयातून, चेलुवांबा रुग्णालयातून किंवा एखाद्या खासगी नर्सिंग होममधून घरी आणलेल्या आजी-आजोबांची औषधे अनेक घरांत शाळा-महाविद्यालयात जाणारा नातू वाचून दाखवतो. तो ठळक छापलेले ब्रँडचे नाव वाचतो. धोका टाळण्यासाठी जे नाव वाचावयास हवे ते बहुधा वेगळेच असते.

वेदना सोसण्यात लाभ नाही

प्रथम उलट बाजूची चूक पाहू. पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ‘गोळ्या जास्त नकोत, सोसेन मी’ असे म्हणून पडून राहतो. दुखते म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. त्यामुळे फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होण्याची आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम टाळला तर सांधा आखडतो. बाळंतिणीला टाक्यांच्या वेदनेमुळे बाळाला नीट धरून पाजता येत नाही. वेदनाशामक घेण्याचा उद्देश हालचाल शक्य व्हावी हा आहे. वेदना पूर्णपणे नाहीशी झाली पाहिजे असे नाही. उठता, चालता, खोकता आणि झोपता आले म्हणजे औषध पुरेसे आहे.

यासाठी पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेली गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी. वेदना असह्य होईपर्यंत थांबून मग दोन गोळ्या एकदम घेतल्याने आराम लवकर मिळत नाही, मात्रा मात्र वाढते. चिठ्ठीवर १-०-१ असेल तर सकाळी व रात्री, १-१-१ असेल तर तिन्ही वेळा, आणि ‘एसओएस’ असेल तर केवळ गरज भासल्यास, हा संकेत घरातील सर्वांना ठाऊक असावा. ‘एसओएस’ लिहिलेली गोळी दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा घ्यावयाची, हे घरी निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहून घ्यावे.

एक औषध, अनेक नावे

क्रोसिन, कॅल्पॉल आणि डोलो ही तीन नावे आपल्या घरांत इतकी रुळली आहेत की ती तीन औषधे वाटतात. तिन्ही गोळ्यांत मुख्य औषध एकच आहे, पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असते. ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅकच्या ज्या गोळीच्या नावापुढे ‘पी’ हे अक्षर असते, तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असते. सर्दी-पडशाच्या बहुसंख्य गोळ्यांत ते असते. ट्रॅमाडॉल हे औषध अफूवर्गातील असले तरी त्याच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते.

पुढील हिशेब काल्पनिक आहे, परंतु अशक्य मुळीच नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ॲसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल यांची मिश्र गोळी दिवसातून तीन वेळा दिली आहे. प्रत्येक गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे दिवसाला ९७५. अंग कसकसते म्हणून घरच्यांनी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा दिली, आणखी २६००. त्यातच पडसे झाले आणि दुकानातून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी आणून तीन वेळा दिली, आणखी १५००. एकूण ५०७५ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी सर्व गोळ्या मिळून २४ तासांतील कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज मद्यपान असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर अन्न फारसे जात नसेल, तर डॉक्टर याहून बरीच कमी मर्यादा ठरवतात. या घरात कोणीही एकाच गोळीचा अतिरेक केलेला नाही. प्रत्येक गोळी पाकिटावरील सूचनेप्रमाणेच दिली गेली आहे.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेचा कपटीपणा असा की पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. थोडी मळमळ, भूक मंद, आणि ती शस्त्रक्रियेमुळे असेल असेच वाटते. यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखालील दुखण्यातून व कावीळीतून दिसू लागते. यावर ॲसिटिलसिस्टीन हे प्रभावी औषध उपलब्ध आहे, परंतु ते अतिमात्रेनंतर पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत उपयोगी पडते. म्हणून मात्रा चुकल्याचे लक्षात येताच, रुग्णाला बरे वाटत असले तरी, सर्व रिकामी पाकिटे घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे. लक्षणांची वाट पाहू नये.

सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार एक किंवा दोन औषधे असलेल्या गोळीच्या पाकिटावर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे आवश्यक आहे. तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणाला ही अट लागू नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या नेमक्या तीन औषधांच्या असतात. तेथे बारीक अक्षरेच वाचावी लागतात. सोपा उपाय असा की औषधे घेतानाच दुकानातील औषधनिर्मात्याला प्रत्येक पाकिटावर मूळ नाव व मात्रा पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून देण्याची विनंती करावी. कन्नड येत नसेल तरी ‘पॅरासिटामॉल’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. दोन पाकिटांवर तेच नाव आले तर पहिली गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना दूरध्वनी करावा. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांतील औषधे मूळ नावानेच विकली जातात. त्यामुळे तेथे हा घोटाळा पुष्कळसा टळतो.

याच शहरातील जे.एस.एस. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय हे १९९० च्या दशकात, देशात अगदी सुरुवातीला, रुग्णालयीन औषधसल्ल्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करणाऱ्या संस्थांपैकी एक. औषधनिर्माता हा केवळ पाकीट देणारा विक्रेता नाही, त्याला प्रश्न विचारता येतात, हे म्हैसूरकरांना तरी नवे वाटू नये.

सूज उतरवणारी औषधे

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, एटोरिकॉक्सिब यांचा वर्ग पॅरासिटामॉलहून निराळा. ही औषधे वेदनेबरोबर सूजही कमी करतात. जखम झालेल्या ठिकाणी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते व त्यांमुळे दुखते, लाल होते, सुजते. ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्येच तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. त्यांच्या शोधातच या औषधांच्या अपायाचेही उत्तर आहे. हीच द्रव्ये जठराच्या आतील अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरातील पाणी घटले असता मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गुडघ्याची सूज उतरवणारी गोळी जठर व मूत्रपिंड यांचेही हे संरक्षण काढून घेते.

जठराचा त्रास लोकांना परिचित आहे, म्हणून जेवणानंतर गोळी घेण्याची आणि सोबत पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेण्याची पद्धत आहे. ती योग्यच आहे. मात्र ही आम्लविरोधी गोळी केवळ जठराला सांभाळते; मूत्रपिंडाला किंवा हृदयाला तिचा उपयोग नाही. इंजेक्शन घेतले म्हणजे पोटाला धक्का लागत नाही, हा समजही खरा नाही, कारण औषध रक्तावाटे जठरापर्यंत पोहोचतेच. त्वचेवर लावण्याच्या जेलमधून रक्तात फार कमी औषध जाते, हे खरे. पण ते टाक्यांवर किंवा ओल्या जखमेवर लावू नये.

मूत्रपिंडाविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे, कारण तेथे दुखत नाही आणि म्हणून कोणाला कळत नाही. बेंगळुरूहून म्हैसूरला येताना वाटेत रामनगरचे खडकाळ डोंगर दिसतात. तेथील रामदेवर बेट्टावर २०१२ मध्ये गिधाडांसाठी अभयारण्य घोषित झाले. देशभरातील गिधाडे ज्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली ते औषध डायक्लोफेनॅक. गुरांना दिलेले हे औषध मृत जनावराच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. केंद्र शासनाने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकरिता वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडापेक्षा हे औषध पुष्कळ अधिक सहन करते. ही हकीकत सांगून कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. औषध तेच आहे आणि त्याचा आघात कोठे होतो, एवढे यावरून लक्षात राहावे.

माणसात हा आघात ठरावीक परिस्थितीत होतो. शस्त्रक्रियेनंतर पाणी कमी पोटात जात असेल, उलट्या किंवा जुलाब होत असतील, वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह असेल, तर धोका वाढतो. उच्च रक्तदाबाची काही औषधे चालू असतील तर आणखी वाढतो. आपल्याकडे असंख्य रुग्ण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांपैकी एक गोळी घेतात आणि अनेकदा त्याच गोळीत लघवी वाढवणारे औषधही असते. या दोहोंच्या जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आले की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. रक्तदाबाची गोळी ‘नेहमीचीच’ म्हणून शल्यचिकित्सकाला सांगावयाची राहून जाते. ती आवर्जून सांगावी. तसेच, देवाधर्माचे उपवास ज्यांना सोडवत नाहीत त्यांनी वेदनाशामक चालू असेपर्यंत एकादशीला निदान पाणी तरी वर्ज्य करू नये. आणि उपाशीपोटी ही गोळी घेऊच नये. आजीला हे पटवणे सुनेपेक्षा डॉक्टरांना सोपे जाते, तेव्हा त्यांच्याकडूनच सांगवावे.

हृदयाविषयी एक इतिहास आहे. याच वर्गातील रोफेकॉक्सिब हे औषध जठराला सौम्य म्हणून जगभर खपले. पुढे त्यामुळे हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसून आल्याने सप्टेंबर २००४ मध्ये उत्पादकाने ते मागे घेतले आणि त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. हृदयाचा धोका या वर्गातील इतर औषधांनाही कमी-अधिक प्रमाणात आहे. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांनी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंदही करू नये. आयबुप्रोफेनमुळे त्या ॲस्पिरिनचा गुण कमी होऊ शकतो, म्हणून दोन्ही चालू ठेवावयाची असल्यास कोणती आधी व किती अंतराने, हे विचारून घ्यावे. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका असतो. वॉरफॅरिन चालू असताना पॅरासिटामॉल रोज घेतल्यासही रक्त अधिक पातळ होऊ शकते, तेव्हा रक्ततपासणीची तारीख चुकवू नये.

या वर्गातील दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. डायक्लोफेनॅकने आराम नाही म्हणून वर आयबुप्रोफेन घेतल्यास आराम फारसा वाढत नाही, अपाय वाढतो. पॅरासिटामॉल आणि या वर्गातील एक औषध यांची जोडी मात्र उपयुक्त आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरील अभ्यासांत अशी जोडी कोणत्याही एका औषधापेक्षा सरस ठरली आहे. केटोरोलॅक प्रभावी आहे, पण पाच दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये, आणि त्यात इंजेक्शनचे दिवसही मोजावेत.

दमा असलेल्या काही व्यक्तींना या औषधांनी धाप लागते. पूर्वी ॲस्पिरिनने असा त्रास झाला असल्यास तो डिस्चार्ज कार्डावर नोंदवून घ्यावा.

बाळंतीण, गर्भवती आणि मुले

सिझेरियननंतर स्तनपान देणाऱ्या मातेने योग्य मात्रेत पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन घेतल्यास बाळाला अपाय होत नाही. औषध दुधात उतरेल या भीतीने गोळी टाळणे किंवा बाळाला वरचे दूध देणे, दोन्ही अनावश्यक आहे. गर्भवती स्त्रीवर एखादी शस्त्रक्रिया करावी लागली तर गोष्ट वेगळी. विसाव्या आठवड्यानंतर सूज उतरवणारी औषधे बाळाच्या मूत्रपिंडांवर व शेवटच्या तिमाहीत हृदयाजवळील रक्तवाहिनीवर परिणाम करतात. ती केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच घ्यावीत.

मुलांची मात्रा वयावरून नव्हे, वजनावरून ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसात चार मात्रांपेक्षा अधिक नाही. घोटाळा होतो तो बाटलीत. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम औषध असते, तर थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम. थेंबांचे औषध चमच्याने दिले तर चौपट मात्रा सहज जाते. बाटलीसोबतचे मापच वापरावे, स्वयंपाकघरातील चमचा वापरू नये. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेले ते मुलाच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर देऊ नये.

ताप झाकला जातो

ही सर्व औषधे ताप उतरवतात. शस्त्रक्रियेनंतर जखमेत जंतुसंसर्ग झाला तर ताप ही पहिली सूचना असते, आणि सहा-सहा तासांनी गोळी चालू असेल तर ती सूचना मिळत नाही. यासाठी रोज सकाळी व संध्याकाळी गोळी देण्यापूर्वी तापमापकाने ताप पाहून लिहून ठेवावा. टाक्यांजवळ लाली पसरत असेल, पू येत असेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर गोळी वाढवू नये, जखम दाखवावी. पावसाळ्यात ताप आल्यास डेंग्यूची शक्यता दूर होईपर्यंत आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक थांबवून केवळ पॅरासिटामॉल घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

केव्हा थांबावे, कोठे कळवावे

डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली किंवा उलटी कॉफीच्या फिल्टरमधील चोथ्यासारखी दिसली तर जठरात रक्तस्राव होत आहे असे समजावे. लघवी फार कमी होणे, चेहरा किंवा पाय सुजणे, डोळे पिवळे होणे, छातीत दुखणे, धाप लागणे, अंगावर पुरळ उठून त्वचेला फोड येणे किंवा तोंड सोलवटणे, यांपैकी काहीही दिसल्यास औषध बंद करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुरळ किरकोळ वाटले तरी दुर्लक्ष करू नये. पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित ताप, पुरळ, गाठींची सूज व अंतर्गत अवयवांची इजा असा गंभीर विकार होऊ शकतो, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केली. औषधांमुळे झालेल्या त्रासाच्या देशभरातून आलेल्या नोंदी तपासूनच आयोग अशा सूचना काढतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात अशी नोंद करण्याचा अधिकार डॉक्टरांइतकाच रुग्णाला व नातेवाइकांनाही आहे. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक कामाच्या दिवशी चालू असतो. दूरध्वनी करताना पाकीट हाताशी ठेवावे. त्यावरील मूळ नाव, मात्रा, बॅच क्रमांक, गोळी सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबत चालू असलेली इतर औषधे विचारली जातात. म्हणून गोळ्यांची पट्टी कापताना नाव व बॅच क्रमांक छापलेला भाग शेवटपर्यंत राखावा.